बादलीतला दोडका

वेलाला पहिला कोवळा तणावा फुटला, की मावशी झाडू भिंतीला टेकवायच्या आणि त्याच्यापुढे आपली करंगळी धरून उभ्या राहायच्या. दोन मिनिटं, पाच मिनिटं. तणावा हळूच वाकून बोटाला बिलगला, की ओरडायच्या, "लई शानं हाय! द्या आता ह्याला सुतळी."

हिंजवडीजवळच्या चांदे गावातल्या आमच्या सोसायटीत त्या जिने झाडायला येत. आमच्यातले बहुतेक लातूर, जळगावकडून नोकरीसाठी आलेले. मावशी मात्र इथल्याच, शेजारच्या रिहे गावच्या. त्यांची भातखाचरं विकली गेली होती, तिथं आता कुणाचं तरी फार्महाऊस होतं. मी एकदा हळहळलो, तर म्हणाल्या, "रान न्हाई तर बादली हाय की!"

बादली म्हणजे रंगाची. कुणाच्या फ्लॅटचं रंगकाम संपलं, की रिकामी बादली त्या हक्कानं मागून घेत. तापल्या सळईनं बुडाला भोकं पाडत, माती-शेणखत भरत, बी टोचत आणि ज्याचं दार उघडं दिसेल त्याच्या गॅलरीत ठेवून देत. माझं दार उघडं होतं. मला दोडका मिळाला.

वेल ग्रिलभर चढला, पिवळी फुलं आली. पण बोटाएवढे दोडके वाळून गळायला लागले. मी पाणी वाढवलं, मग कमी केलं, शेवटी मावशींना गाठलं.

"आठव्या माळ्यावर माशी कशाला तडमडंल?" त्या म्हणाल्या. "सांजच्याला फूल उमलतं. तवा मी येते."

त्या आल्या तेव्हा माझी ऑनलाइन मीटिंग चालू होती. ती तशीच सोडून मी गॅलरीत गेलो. मावशींनी एक नर फूल तोडून पाकळ्या काढल्या आणि मागं इवलासा दोडका असलेल्या मादी फुलावर ते अलगद फिरवलं. दुसरं माझ्या हातात दिलं. मी ते जोरात टेकवलं.

"दाबू नगा, दादा. लेकराला काजळ लावताय असं करा."

चौथ्या दिवशी पुन्हा मीटिंग, आणि गॅलरीतून आरोळी, "दादा, धरलं! धरलं ओ!"

माइक चालूच होता. बंगळूरच्या साहेबांनी विचारलं, "क्या पकड़ा?"

मावशी थेट लॅपटॉपसमोर वाकल्या. "दोडका धरलाय, साहेब! पर बोट दावू नका, गळंल."

खोटं वाटेल तुम्हाला, पण पडद्यावरच्या दोघांनी मुकाट्यानं हात खाली घेतले.

दिवाळीआधी इमारतीला बाहेरून रंग द्यायचं ठरलं आणि नोटीस लागली: गॅलरीतले वेल काढून टाका. आम्ही आपापसात नुसते कुरकुरलो. मावशी मात्र सोसायटीच्या सभेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मधे बोललात तर काम जाईल, असं त्यांना कामावर लावणाऱ्या सफाई ठेकेदाराच्या मुकादमानं बजावलेलं होतं.

"तोडू नका, साहेब. भरल्याली हायेत. मी गच्चीत नेते."

अध्यक्ष म्हणजे निवृत्त मास्तर. "चढलेला वेल हलवतात का कधी? मोडेल."

"मोडायचा न्हाई."

रविवारी सकाळी अकरा बादल्या निघाल्या. मावशींनी सुतळ्या वेलासकट वरून सोडवल्या. बादलीला दोघं, वेलाला चौघं, अशी वरात जिन्यानं वर चढली. "उचला! टोक जपा!" मावशी पुढं उलट्या चालत ओरडत होत्या. मास्तर खांद्यावर कारल्याचा वेल घेऊन धापा टाकत होते आणि मागच्यांना दटावत होते. गच्चीत शेवटची सुतळी बांधून झाल्यावर मावशींनी एकेक शेंडा तपासला. अकराच्या अकरा शाबूत. आम्ही क्रिकेटची मॅच जिंकल्यासारखे ओरडलो. मास्तर सगळ्यात मोठ्यानं.

दिवाळीनंतर मावशी कामावर आल्या नाहीत. मुकादमानं त्यांना हिंजवडीकडच्या दुसऱ्या इमारतीवर टाकलं होतं. सभेत बोलल्याचा राग, दुसरं काय? मास्तर आणि मी त्याच्याशी भांडायला निघालो, तेवढ्यात मावशींचाच फोन आला.

"कुणाला काय बोलू नगा, दादा. हितं चौदा माळं हायेत," आनंदानं त्यांचा आवाज चढला होता, "आन एकाच्याबी गॅलरीत हिरवं पान न्हाई!"