रांजणातल्या अठरा मासोळ्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगावं लागलं नाही, तिला माहीतच होतं. तुम्हाला सांगतो — आणि सांगताना माझा आवाज चढेल, हे आधीच कबूल करतो. मला राग येतो. आधी गल्लीचा येतो, मग घरमालकाचा. ज्याचा यायला हवा त्याच्यापाशी पोचायला मला दरवेळी उशीर होतो.

अकोल्यात तेव्हा मी एका जिनिंग फॅक्टरीत हिशेबनीस होतो. रविवारी सायकल काढायची आणि पूर्णेवर जाऊन गळ टाकायचा, एवढाच नाद. मरळ मेलेल्या आमिषाकडे बघत नाही. तिला जिवंत, वळवळती मासोळी लागते. आणि त्या बोटभर मासोळ्या रविवार ते रविवार घरात जगवणं हे गळ टाकण्यापेक्षा अवघड. मला ते जमलं होतं. रुंद तोंडाचा मातीचा रांजण, भोवती ओलं पोतं, वर निंबाची सावली. रोज तिसरा हिस्सा पाणी काढायचं, तेवढंच नवं घालायचं. सगळं एकदम बदललं तर त्या मरतात. कणकेच्या गोळ्या मोहरीएवढ्या, त्याही उरतील इतक्या नाही. एखादी मेलेली दिसली की लगेच बाहेर. रांजणात विसाच्या वर कधी ठेवायच्या नाहीत. गल्लीतली पोरं बघायला यायची. म्हणजे मासोळ्या कोण पाळतो हे सगळ्यांना ठाऊक होतं — हे लक्षात ठेवा.

मरळ लागली की रस्सा व्हायचा आणि दोन वाट्या बाहेर जायच्या. एक घरमालक नानाजींकडे, एक शेजारच्या तायड्यांकडे.

तायडे तिथं राहायला आले ते माझ्यामुळे. सरकारी कचेरीत कारकून, माझ्याबरोबर पूर्णेवर येणारे. छप्पन साल उलटून गेलं होतं, त्यांचं घर बौद्ध झालं होतं. ते खोली मागायला गेले की लोक आडनाव विचारत, आणि खोली कालच कुणाला तरी दिलेली निघे. मी नानाजींशी भांडलो. खोली मिळवून दिली. विहिरीवर सगळ्यांसारखंच पाणी भरतील, हेही वदवून घेतलं. त्याचा मला अभिमान होता — चार लोकांत बोलून दाखवण्याइतका.

त्या मे महिन्यात जाळ्यात एकदम चाळीस मासोळ्या आल्या. आणि अमरावतीला मेहुणीचं लग्न. सोडून दिल्या असत्या निम्म्या, तर काय बिघडलं असतं? पण नाही. अठरा रांजणात ठेवल्या. पाणी बदलायचं काम तायड्यांच्या शेवंताबाईंनी आपणहून घेतलं. उरलेल्या बावीस मी झाकणाच्या बांबूच्या टोपलीत घातल्या आणि सकाळी कुणी यायच्या आत सुतळीनं विहिरीत सोडल्या, आतल्या कोनाड्यापाशी, दिसणार नाहीत अशा. टोपली पाण्याखाली वीतभर राहील इतकी सुतळी मोजून घेतली. कुणाला बोललो नाही. तायड्यांनाही नाही, ते पिण्याच्या पाण्यात नको म्हणाले असते.

मोजमाप माझं बरोबर होतं. पण ते सकाळचं होतं. मे महिन्यात रात्रभर झरे पाझरून विहीर भरते आणि दुपारपर्यंत उपसून खाली जाते. आयुष्यभर आकडे जुळवणाऱ्या माणसाला एवढं सुचू नये?

लग्नाहून परतलो तर विहिरीभोवती गर्दी. टोपली वर काढलेली. ती अर्धी पाण्याबाहेर लटकत राहिली होती; मासोळ्या मरून, कुजून, फटींतून पाण्यात गळल्या होत्या. वास सुटला होता. आणि सगळे बघत होते तायड्यांच्या दाराकडे.

का? मी विचारतो, का? टोपली कुणाची, हे कुणी विचारलं नाही. मासोळ्या कोण पाळतो, हे कुणाला आठवलं नाही. त्या गल्लीत निम्म्या घरांत मटण शिजत होतं. त्या विहिरीत बेडूक होते, कासव होतं, कबुतरांची विष्ठा पडायची, तेव्हा ती विहीर कधी बाटली नाही. शेवंताबाई घागर घेऊन उभ्या होत्या आणि बायका त्यांना दोराला हात लावू देत नव्हत्या — भर मे महिन्यात, कडेवर मूल असलेल्या बाईला!

पण थांबा. त्या गर्दीत मीही होतो.

नानाजींना रीत म्हणून मला विचारावं लागलं. "भाऊसाहेब, तुमच्या मासोळ्या घरीच हायेत ना?"

"रांजणात आहेत," मी म्हणालो.

"किती होत्या?"

"अठरा होत्या. अठरा आहेत."

"झालं तर मंग," नानाजी लोकांकडे वळून म्हणाले. "भाऊसायबाचा आकडा कधी चुकत नाही."

एवढंच. आरोप मी केला नाही, नाव मी घेतलं नाही. फक्त एक आकडा सांगितला. तायडे समोरच होते. ती टोपली त्यांनी माझ्याबरोबर पूर्णेवर कितीदा उचलली होती. त्यांनी टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बोलेन म्हणून ते थांबले असावेत. मी चपला काढून घरात गेलो.

पुढे कित्येक वर्षं मी त्यांच्यावरही रागावत होतो, ठाऊक आहे? ते का बोलले नाहीत, म्हणून. बोलले असते तर कोण ऐकणार होतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. माझा राग इतका सोयीचा होता.

विहीर उपसली, गंगाजल टाकलं. तायड्यांना खोली सोडायला सांगितलं. दुसरी मिळाली नाही, तेव्हा बायको-लेकरांना त्यांनी दर्यापूरकडच्या गावी धाडलं आणि स्वतः कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकली. जायच्या सकाळी ते माझ्या दाराशी आले. हातात बादली, वर ओलं फडकं.

"भाऊ, टोपलीतल्या पाच जित्या निंगाल्या होत्या," ते म्हणाले. "शेवंतानं जगवल्या. तुमच्या अठरात टाकून देजा."

आवाज चढलेला नव्हता. मी बादली घेतली. रिकामी करून परत दिली. त्यांच्याशी माझं तेवढंच झालं. त्या दिवसापासून माझ्या बायकोनं रांजणाला हात लावला नाही.

पुढच्या रविवारी मी पूर्णेवर गेलो, एकटा. त्या पाचांतली एक गळाला लावली. त्याच जास्त चपळ होत्या. हातभर मरळ लागली. रस्सा मीच केला. नानाजींकडे वाटी धाडली. ती नेहमीसारखी रिकामी, लख्ख होऊन परत आली. बायको जेवली नाही.

मी जेवलो. पोटभर.