आण्णांच्या इंजिनाचा मूळ रंग

खंडेनवमीच्या सकाळी मी उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये शिरले आणि दारातच थांबले. लेथ, ड्रिल मशीन, ग्राइंडर अशी सगळी मंडळी न्हाऊनमाखून, नवा रंग लेवून, झेंडूचे हार घालून आपापल्या जागी बसली होती. टेबलावर हातोडे, पाने, पक्कडी ओळीने मांडलेल्या. ओळीच्या शेवटी वीतभर लांबीचं आगगाडीचं इंजिन होतं. त्यालाही हार होता. नवा पोपटी रंगही होता.

"सर्जेराव, हे काय केलंत?"

"रंगवलंय की," सर्जेराव मिस्त्री म्हणाले. "काल सांजच्याला हात मारला. चाकं लाल काढल्यात. नवरदेव दिसतोय का न्हाय?"

दिसत होता. तेच तर दुखणं होतं.

मी तीस वर्षं आयटीआयमध्ये मोटर वाइंडिंग शिकवलं. जळालेल्या मोटरमधली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, एवढंच ते काम, पण पोरांना ते दोन वर्षं शिकवावं लागतं आणि तरी काहीजण उलटंच गुंडाळतात. निवृत्तीनंतर घरात करमेना. एका ओळखीच्या गृहस्थांनी खेळण्यातलं जुनं विजेचं इंजिन आणून दिलं, ते मी चालवून दाखवलं, आणि मग अशी इंजिनं पार सांगली-बेळगावहून यायला लागली. सर्जेराव माझ्याच वयाचे, लेथवरचे पक्के टर्नर. त्यांच्या शेडचा एक कोपरा मी घेतला. तारेचं काम माझं, लोखंडाचं त्यांचं. गेली सहा वर्षं आमचं बरं चाललंय, कारण एकमेकांच्या कामात आम्ही नाक खुपसत नाही. त्या दिवशीपर्यंत तरी.

ही इंजिनं म्हणजे जत्रेतली प्लास्टिकची गाडी नव्हे. पत्र्याचं अंग, आत खरी मोटर, आणि तीन रूळ. मधल्या रुळातून वीज येते, चाकांतून बाहेरच्या रुळांत परत जाते. सत्तर-ऐंशी वर्षं जुनी असतात. ती जमवणारे लोक आपल्याकडेही आहेत, आणि त्यांच्यात एक नियम कडक आहे. मोटर बदललीत तर माफी मिळते. मूळ रंगाला हात लावलात तर पुन्हा तुमचं तोंड बघत नाहीत.

या नियमाचे सगळ्यात कडवे पुजारी म्हणजे कुरुंदवाडचे आण्णासाहेब मगदूम. वय शहात्तर, घरची शेती आणि शेंगतेलाचा पिढीजात व्यापार. जुनी इंजिनं जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ते ॲडमिन. कुणी हौसेनं नव्यानं रंगवलेल्या इंजिनाचा फोटो टाकला की आण्णा त्याची बिनपाण्यानं करत. "रंग गेला की इंजिनाचं पत्र्याचं डबडं झालं," हे वाक्य ग्रुपवर सगळ्यांना तोंडपाठ होतं.

नवरदेव बनलेलं हे इंजिन त्याच आण्णांचं होतं.

ते त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, मुंबईहून आणलेलं. बाटलीसारखा गडद हिरवा रंग. दरवर्षी दसऱ्याला सोनं वाटून झालं की आण्णांच्या सोप्यात रूळ मांडायचे आणि गाडी फिरवायची, असा त्या घरचा शिरस्ता. त्यासाठी थोरली बहीण गडहिंग्लजहून येते. दोन वर्षं इंजिन बंद होतं. अक्कांनी आता चौऱ्याऐंशी ओलांडली होती. इंजिन माझ्या हातात देताना आण्णा म्हणाले होते, "मॅडम, फुडच्या दसऱ्याचं कुणी बघितलंय. औंदा अक्काला गाडी फिरलेली दिसली पायजे." आणि दारापर्यंत जाऊन परत आले. "पर चाललं न्हाई तरी चालंल. रंगाला हात लावायचा न्हाई. माझ्या वडलांनी आणलं तवा जसं हुतं, तसंच आजवर ठिवलंय मी."

दोष कुणाचा, ते आधीच सांगून टाकते. आदल्या दिवशी दुपारी इंजिन पहिल्यांदा फिरलं. आर्मेचरची, म्हणजे मोटरमधल्या फिरत्या भागाची, तार मी केसासारखी बारीक नवी भरली होती. मी खुशीत होते. घरी जाताना सर्जेरावांना म्हणाले, "हे पण उद्या पुजेला ठेवू या." उद्यमनगरात बिनरंगाचं हत्यार पुजेला बसत नाही. आधी धुणं, मग रंग, मग हळदकुंकू. तीस वर्षं मी स्वतः पोरांकडून आयटीआयची मशिनं अशीच रंगवून घेतली होती. तरी आण्णांची अट न सांगता, ते वाक्य बोलून मी चप्पल घालून निघून गेले. एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला तासभर उभं केलं असतं.

"आण्णा उद्या दुपारी यायचेत," मी म्हणाले. "तोवर हा रंग उतरला पाहिजे. पक्कड द्या, चाकं सोडवून घेते."

सर्जेराव टेबलाच्या आडवे उभे राहिले. "आज हत्याराला हात न्हाय. पुजल्यात."

"अहो, आग लागलीय इथं."

"लागू दे. इंजिन पायजे तर घ्या, त्ये गिऱ्हाइकाचं. हत्यारं उद्या सकाळी उचला. आज इस्वकर्म्याची सुट्टी हाय."

सहा वर्षांत हा माणूस माझ्याशी एकदाही वरच्या आवाजात बोलला नव्हता. आताही बोलला नाही, फक्त हलला नाही. मी नाद सोडला.

"टर्पेंटाइन पुजलंय का?"

त्यांनी विचार केला. "त्येला कोण पुजतंय."

"आणि कापूस?"

"वातींचा उरलाय की. घ्या."

मग आम्ही दोघं जमिनीवर पोतं टाकून बसलो. वातींचा कापूस, काड्यापेटीतल्या काड्या आणि टर्पेंटाइनची बाटली. हिशेब सरळ होता. कंपनीत पत्र्याला रंग देऊन तो भट्टीत भाजतात. भाजलेल्या रंगाला टर्पेंटाइन काही करत नाही. सर्जेरावांचा रंग मात्र हवेवर सुकलेला, आणि तोही अजून ओलसर. म्हणजे वरचा निघणार, खालचा राहणार. मी हे सर्जेरावांना फळ्यापुढं उभी असल्यासारखं समजावून सांगितलं. ते मान हलवत राहिले.

तासाभरात छत मोकळं झालं. खालचा गडद हिरवा जसाच्या तसा. माझा जीव भांड्यात पडला आणि मी जरा जोर लावायला लागले. इंजिनाच्या अंगावरच्या पाण्याच्या टाकीची डावी बाजू घासताना कापसावर गडद हिरवा उतरला. सर्जेरावांचा नव्हे, त्याखालचा. नखाएवढ्या जागेत चकचकीत काळा रंग दिसत होता आणि त्यावर सोनेरी रेघ.

मी कापूस खाली ठेवला. कंपनीचा रंग असता तर तो सुटलाच नसता. म्हणजे हिरवा कंपनीचा नव्हता. ज्या रंगाला आण्णांनी आयुष्यभर कुणाला बोट लावू दिलं नाही, तो कुणीतरी नंतर हातानं दिलेला होता.

"झाकून टाकू," सर्जेराव हळूच म्हणाले. "माझ्या हिरव्यात काळा मिसळला की हुबेहूब जमतंय. आण्णास्नी काय कळतंय."

खोटं कशाला बोलू, मी एका झाकणात रंग कालवला. जमलाही. माझ्या मनात होतं की म्हाताऱ्याला या वयात कशाला दुखवा, आणि त्याच्या मागं दुसरं होतं की आपलंही नाव वाचेल. ब्रशकडे हात नेला.

"ब्रश न्हाय. पुजलाय," सर्जेराव म्हणाले.

काडीला कापूस गुंडाळून ब्रश करावा की काय, असा विचार चालू असतानाच बाहेर गाडी थांबली. अक्का एक दिवस आधीच आल्या होत्या आणि त्यांना इंजिन बघायचा धीर नव्हता. आण्णा त्यांचा हात धरून आत आले, आणि पोत्यावर आम्ही दोघं, मधे अर्धं हिरवं, अर्धं पोपटी, लाल चाकांचं इंजिन.

आण्णा अक्कांचा हात सोडून इंजिनावर वाकले.

"आण्णा, मी रंगवलं," सर्जेराव उठून म्हणाले. "मॅडमचा काय दोष न्हाय."

"पुजेला ठेवा असं मीच म्हणाले होते," मी म्हणाले. "आणि काढताना हे झालं." मी नखाएवढी काळी जागा दाखवली आणि भट्टीचं, टर्पेंटाइनचं, सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, "आण्णा, हा हिरवा मूळचा नाही."

आण्णा खुर्चीत बसले. "मॅडम, तुमच्याकडनं चूक झाली, समजू शकतो. पर माझ्या इंजिनाला खोटं ठरवू नका."

मला खूप वाईट वाटलं. माफी कशी मागावी याची वाक्यं मी जुळवत होते, तेवढ्यात अक्कांनी इंजिन उचलून डोळ्यांजवळ नेलं.

"काळं निघालं की रे," त्या म्हणाल्या. "रेघबी हाय. आसंच हुतं ह्ये."

"काय बोलतीस अक्का?"

"आप्पांनी आणलं तवा काळं हुतं. तू पाळण्यात हुतास. खंडेनवमीला तेलाच्या घाण्याच्या इंजिनाला रंग आणलता हिरवा, त्यो उरला. आप्पा म्हणालं, ह्ये बी इंजिनच की. रंगवलं आन् ठिवलं पुजेला. तीन दिस माझं रडं थांबलं न्हवतं. एवढं गोड काळं हुतं."

"आगं, पन्नास वर्सं मी लोकास्नी सांगतोय की ह्यो मूळ रंग. तू बोलली का न्हाईस?"

"तू मला कधी इचारलंस?"

आण्णा सर्जेरावांकडं वळले. "मिस्त्री, तुमी कशापायी रंगवलं ह्ये?"

सर्जेराव अवघडले. "पुजेला बसवायचं हुतं. हे बी मशीनच की."

आण्णा हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून, आणि हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "आप्पा गेले तवा मी बारा वर्साचा. त्यांच्या हातचं घरात काय ऱ्हायलं न्हाई म्हणून मी हळहळत हुतो. आन् ह्ये कंपनीचं म्हणून कपाटात कुलपात ठिवलंय."

मी माझं काम केलं. म्हणाले, सगळा हिरवा काढता येईल, खाली कंपनीचा काळा बहुतेक शाबूत आहे, जमवणाऱ्यांच्या दृष्टीनं तेच योग्य.

"काढा," अक्का म्हणाल्या.

"काढायचा न्हाई," आण्णा म्हणाले.

"माझं काळंच हुतं."

"माझं हिरवंच हाय."

चौऱ्याऐंशी आणि शहात्तर वर्षांची ती दोघं इंजिनाच्या दोन टोकांना धरून बसली. शेवटी अक्कांनीच सोडलं. नखाएवढ्या काळ्या जागेवर अंगठा ठेवून म्हणाल्या, "मग ह्ये एवढं झाकू नका. एवढं माझं."

त्यानंतर चौघं मिळून सर्जेरावांचा रंग उतरवायला बसलो. अक्का वाती वळून द्यायच्या. मी जरा दाबून पुसलं की आण्णा माझा हात धरत. "हळू, मॅडम. आप्पा निघून जातील."

तीन वाजेपर्यंत अंग स्वच्छ झालं. चाकांचा प्रश्न जास्त अवघड होता. चाकांना रंग म्हणजे विजेची वाट बंद. लाल रंग काडीनं कडाकडांतून कोरून काढला, पण एवढं करून इंजिन चालतं का, ते बघता येईना. रुळांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरलाही हार होता. मी सर्जेरावांकडं पाहिलं, त्यांनी नकारार्थी मान हलवली, आणि आण्णांनीही. इंजिन तसंच, न तपासता, कापडात गुंडाळून कुरुंदवाडला गेलं. माझ्या अख्ख्या नोकरीत न तपासलेला माल मी कधी दारातून बाहेर सोडला नव्हता.

दसऱ्याला संध्याकाळपर्यंत मी फोनजवळ बसून होते. सात वाजता वाजला. पलीकडून आधी आण्णांचा आवाज आलाच नाही, नुसती रुळांवरची खडखड ऐकू येत होती. मग ते म्हणाले, "अक्का कुणाला बटणाला हात लावू दीना झालीया."

आठवड्याभरानं आण्णांनी ग्रुपवर डाव्या बाजूचा फोटो टाकून सगळं कबूल केलं. ते वाचून चारजणांनी आपापल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना फोन लावले, आणि त्यातल्या दोघांचे 'मूळ रंग' त्याच आठवड्यात बदलले.

मी आता दोन गोष्टी पाळते. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ग्राहकाचा माल माझ्या घरी कपाटात असतो. आणि दुरुस्तीच्या पावतीवर 'मूळ रंग' या रकान्यापुढं मालक सांगेल ते मी लिहून घेत नाही. आधी विचारते, घरात तुमच्यापेक्षा थोरलं कोण आहे?