मायचं गोंदण

माय गेली तेव्हा तिचा एकच फोटो होता, माझ्या लग्नात काढलेला. डिंडोलीच्या खोलीत ओल्या भिंतीवर राहून त्याला बुरशी लागली होती, खांद्यापाशी तो फाटलाही होता. वर्षश्राद्धाआधी दादानं तो पांडेसऱ्यातल्या एका स्टुडिओत नेला. तिथे नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला 'जुना फोटो नवा करून देतो' म्हणून सांगत सुटला होता.

मी श्राद्धाला कडोदऱ्याहून आले. भिंतीवर हार घातलेली एक गोरी, तुकतुकीत बाई होती. गळ्यात सोन्याची माळ. मायला जन्मात अशी माळ मिळाली नव्हती. आणि कपाळावरची चंद्रकोर, हनुवटीवरचे हिरवे ठिपके, सगळं साफ. सोनं इथंच राहतं, बाईसोबत वर फक्त गोंदण जातं, असं ती आम्हाला कौतुकानं सांगायची. या दीडशहाण्यांनी नेमकं तेच काढून सोनं घातलं होतं.

स्टुडिओवाल्यानं डाग समजून पुसलं असेल, असं मला वाटलं. दादा शांतपणे म्हणाला, "मीच सांगेल व्हतं त्याले. उद्या पोरना व्याही येतीन. मायना तोंडवर त्या टिपका बऱ्या दिखतस का?"

मिलमध्ये कामगारांवर मास्तर झाल्यापासून त्याला आमच्या सगळ्याचीच लाज वाटायची. भटजी पिंड मांडत होते, तरी मी तोंडात आलं ते बोलले. मायची लाज वाटते तर तिच्या नावानं जेवणावळी कशाला घालतोस, हेही बोलले. मग पंगत बसल्यावर म्हटलं, जुना फोटो दे, मी दुसरीकडून करून घेते.

वहिनी भात वाढता वाढता म्हणाली, "फाटेल फोटू घरमा ठेवतस का? तापीमा सोडी दिना."

देवाची फाटकी तसबीर सोडतात, तशी यांनी माय सोडली होती. मी न जेवता उठले आणि थेट स्टुडिओ गाठला. कॉम्प्युटरमध्ये मूळ फोटो असेलच, ही एकच आशा होती.

"ए तो काढी नाख्यो, बेन," मालक पान चघळत म्हणाला. "कॉम्प्युटरमां जग्या क्यां छे?" वर, फोटो कसा झकास झाला ना, असं तो मलाच विचारत होता. त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं, आणि दिली नाही याचं अजून वाईट वाटतं.

दादाशी मी तेव्हापासून बोलत नाही. माझी मुलं मात्र मामाच्या घरी त्याच बाईला आजी म्हणून नमस्कार करत मोठी झाली. त्यांचं एक वेळ सोडा. आता मीसुद्धा मायला आठवायला बसले की आधी ती माळवालीच पुढे येते. तिला बाजूला सारून मी हनुवटी शोधते. ठिपके तीन होते की पाच, ते मला आता सांगता येत नाही.