लाल दोऱ्याचं वांगं

कुंभकोणमला निघाले तेव्हा नवरा बॅग उचलून देत म्हणाला, "घरचं खायला शिकायचं म्हणून दोन रात्री रेल्वेत बाहेरचं खात चाललीस." भोरजवळ आमची वीस गुंठे जमीन आहे. नोकऱ्या सोडून आम्ही तिथे राहायला गेलो, त्याला आता तीन वर्षं झाली. मीठ, तेल आणि चहा सोडला तर विकतचं खायचं नाही, असा पण मी सगळ्या नातेवाइकांसमोर केला होता आणि तो कसाबसा निभावत होते. भाजीची रोपं मात्र दरवर्षी गुपचूप नर्सरीतून आणत होते.

भाचीच्या ऑफिसात एक तंजावरी मराठी मुलगी आहे. तिची आत्या सुभद्राबाई कुंभकोणमच्या उत्तरेला चोळपुरम् गावात राहते आणि घरामागच्या बागेवर नवराबायकोचं वर्षभर भागवते, असं कळलं. मी फोन केला. पलीकडून शांत आवाज आला, "या. आठ दिवस रहा. एका दिवसांत काय कळणार?" शिवाजी महाराजांच्या काळातल्या एखाद्या पत्राशी बोलतेय असं वाटलं.

पहाटे कुंभकोणमला उतरले. स्टेशनबाहेर पितळी पेल्यात मिळालेली कॉफी इतकी गरम होती की जीभ भाजली, आणि इतकी चांगली होती की दुसरी मागवली. चोळपुरम्‌च्या बसमध्ये कंडक्टर माझ्याशी बराच वेळ तमिळमध्ये बोलला आणि मी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. परिणामी एक थांबा पुढे उतरले. भाताची कापणी चालू होती. लोकांनी पेंढा रस्त्यावरच पसरला होता आणि बस, मोटारसायकली त्याच्यावरून जात होत्या. बॅग ओढत त्या पेंढ्यातून परत आले, तर सुभद्राबाई फाटकात उभ्या. साठीच्या, सडपातळ, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या.

"पुढें गेलां होतां ना? मी बस पाहिली," त्या म्हणाल्या, आणि हातातली बॅग घेऊन आत गेल्या.

त्यांना सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणू लागले. त्यांचे यजमान रामराव फारसं बोलत नाहीत. गाय, वर्तमानपत्र आणि दुपारची झोप ही त्यांची तीन खाती. बाकी सगळं अक्कांकडे. मागच्या तोट्टममध्ये (परसबागेत) नारळ, केळी, शेवगा, कढीपत्ता, अळू, दोन वाफे भाज्यांचे. दुपारी केळीच्या पानावर भात, रसवांगी (चिंच, डाळ आणि नारळातली वांगी, यंदा बाजारची) आणि डांगर पचडी आली. डांगर पाहून मला भरूनच आलं. उडदाचं पीठ, दही, वरून फोडणी. माझी आई करायची तेच. तीनशे वर्षं मुलुखाबाहेर राहून डांगर तसंच राहिलंय, आणि भोरमध्ये मी ते करणंच सोडून दिलं होतं.

चार दिवस मजेत गेले. मी वाळवणाचे सांडगे घालायला शिकले, ताकात मुरवलेल्या मिरच्या वाळवल्या, केळीच्या सोपटाचे दोर काढले. पाचव्या दिवशी मला शहाणपणा सुचला. अक्का आणि रामराव एका बारशाला गेले होते. म्हटलं, परत येईपर्यंत आपण चुलीवर भरीत करून ठेवू. यांना कळू दे वांग्याचं खरं काय करायचं असतं. वाफ्यात वांग्याचं एकच झाड होतं, कडेला. त्यावर एकच वांगं, पण केवढं! जांभळं, पांढऱ्या रेघांचं, भरितासाठीच जन्मलेलं. देठाला लाल दोरा बांधलेला होता. दृष्ट लागू नये म्हणून असेल, असं मीच ठरवलं. दोरा नीट सोडवला, गुंडाळी करून स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवला आणि वांगं चुलीत सारलं.

अक्का आल्या त्या पाणी प्यायला आत गेल्या. त्यांना आधी खुंटीवरचा दोरा दिसला. मग त्यांनी पातेल्यावरचं झाकण उचललं.

"तें बियाचें होतें," त्या म्हणाल्या.

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी समजावलं, अगदी हळू, जशी एखाद्या पोराची समजूत घालावी. दोरा बांधलेलं फळ तोडायचं नाही. ते झाडावरच पिवळं होऊ द्यायचं, मग त्याचं बी काढून धुवून राखेत वाळवायचं. दरवर्षी पाचसहा फळांना दोरे असतात. यंदा कार्तिकातल्या पावसात वाफा पाण्याखाली गेला, झाडं कुजली, डब्यातल्या जुन्या बियांना बुरशी आली. एक झाड वाचलं. त्याला एक फळ धरलं. त्यानंतर झाडाला मर लागून ते वाळायला लागलं. आता पुन्हा फूल यायचं नाही. त्यांच्या सासूबाईंनी दिलेलं ते वाण होतं आणि घरात त्याचं एकही बी उरलं नव्हतं.

मी पातेल्यात चमचा घालून पाहिलं. पांढऱ्या, कोवळ्या, निकामी बिया.

मला रडूच आलं. माफी मागितली, चार वेळा मागितली. अक्कांनी पानं मांडली आणि म्हणाल्या, "आतां जेवूं. भाजलें तें भाजलें." तिघांनी ते भरीत खाल्लं. रामराव पहिल्यांदाच आपणहून बोलले, "छान झालें." त्यामुळे मला आणखी वाईट वाटलं.

रात्रभर तळमळले. सकाळी विचारलं, "अक्का, हे बी तुम्ही कधी कुणाला दिलं होतं का?"

दिलं होतं. तिरुभुवनमला कामाक्षी म्हणून एक रेशमी साड्या विणणारी बाई आहे, तिला, चार वर्षांपूर्वी. तिच्या गच्चीवर ती वांगी अजून होतात.

"मग चला ना, मागून आणू."

अक्कांनी मान हलवली. "बी एकदां दिल्हें, मग आपण मागूं नये. तिणें आपण होऊन दिल्हें तर घ्यावें."

"मी मागते. मी कुठे दिलंय?"

"तुम्ही माझ्या घरच्या पाहुण्या. तुम्ही मागितलें म्हणजे मीच मागितलें."

आता ह्याला काय म्हणावं? घरातलं वाण बुडतंय आणि ही बाई रीत सांभाळत बसलीय. पण चूक माझी होती, त्यामुळे तोंड बंद ठेवण्याचा अधिकारही माझाच होता. शेवटी एवढ्यावर तडजोड झाली की तिरुभुवनमला नुसतं भेटायला जायचं. मी एक अक्षर बोलायचं नाही. अक्कांनी मला शपथच घातली.

कुंभकोणमला बस बदलून गेलो. कामाक्षीच्या गल्लीत घराघरातून मागांचा खटखटाट येत होता. ती मागावरून उठून आली, हसरी, गोल चेहऱ्याची. आम्हाला गच्चीवर नेलं. गच्चीवर फुटक्या बादल्यांमध्ये तीच वांगी, दहाबारा तरी, आणि दोन तर पिवळीधमक, पिकलेली. देठाला रेशमाचे उरलेले धागे बांधलेले. माझ्या हाताला अक्षरशः खाज सुटली.

कॉफी आली, मुरुक्कू (चकल्या) आले. अक्का विचारत होत्या: सासू कशी आहे, मुलीची परीक्षा झाली का, या महिन्यात किती साड्या उतरल्या, तुळशीला कीड लागली होती ती गेली का. मला तमिळ येत नाही, पण नावांवरून आणि हातवाऱ्यांवरून कळत होतं. राहिलेलं अक्का अधूनमधून मराठीत सांगत. तास झाला. अक्कांनी बादल्यांकडे एकदाही पाहिलं नाही. मी मुरुक्कू चघळत गप्प बसले. इतकी गप्प मी लग्नाच्या बोहल्यावरसुद्धा नव्हते.

निघालो. जिना उतरलो आणि माझी आशा संपली. कामाक्षी "थांबा" म्हणून वर पळाली. खाली आली तेव्हा तिच्या हातात पिकलेली दोन्ही वांगी, फडक्यात बांधलेली. ती अक्कांच्या पिशवीत ठेवून तिने काहीतरी सांगितलं. अक्कांनी तिच्या गालाला हात लावला.

बसमध्ये बसल्यावर मी शपथ मोडली. "काय म्हणाली ती?"

"ती म्हणाली, अक्का, तुम्ही जेव्हां येतां तेव्हां पहिल्यानें वांगीं कशीं आहेत तें पुसतां. आज सगळें पुसलेंत, वांगें तेवढें पुसलें नाहींत. तेव्हांच मज कळलें, तुमच्या घरीं नाहींत."

त्या संध्याकाळी आम्ही बी धुतलं. अक्कांनी राखेत घोळून दोन पुड्या केल्या आणि एक माझ्या हातात दिली. मी नको म्हणाले. मी कशाच्या तोंडाने घेणार? त्या म्हणाल्या, "दुसऱ्या घरीं होतें म्हणून वाचलें. तुमच्या हातून गेलें, आतां तुमच्याच घरीं असूं द्या." सोबत लाल दोऱ्याची गुंडाळीही दिली.

भोरला परत आले. सगळ्यांना वाटलं मी सांडगे शिकून आले, आणि ते खरंही होतं. पण पहिल्यांदाच मी नर्सरीत न जाता बी पेरलं, आणि ते उगवलं. अक्कांचा महिन्यातून एकदा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला: वांगीं कशीं आहेत? मी सांगायचे: चार पानं आली, फूल आलं, भरीत केलं, दोऱ्याचं सोडून.

दिवाळीनंतरच्या फोनवर अक्कांनी नवऱ्याची तब्येत विचारली. माझा गुडघा विचारला. डांगर करते का विचारलं, थंडी पडली का विचारलं. मग म्हणाल्या, "बरें, ठेवतें."

"अक्का, पाऊस फार झाला का हो तिकडे?"

"झाला," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी तशीच बागेत गेले. लाल दोऱ्याची तीन वांगी पिवळी झाली होती. तिन्ही तोडली, बी धुतलं, राखेत वाळवलं. पार्सलमध्ये डांगराचं पीठ घातलं आणि त्यात पुडी ठेवली. चिठ्ठीत पिठाबद्दल लिहिलं, बियांबद्दल काहीच नाही.

दहा दिवसांनी फोन वाजला. नमस्कार ना चमत्कार, पलीकडून तोच शांत आवाज.

"वांगीं कशीं आहेत?"