तात्यांनी कुणाला न दिलेली काठी

तात्या गेले त्या दिवशी सकाळी टीव्हीवर जागतिक खेळांचं उद्घाटन परत दाखवत व्हते. देशोदेशीचे खेळाडू झेंडे घिऊन चालले व्हते अन् आमचे चुलते गोरोबा तात्या खाटंवरनं एकेकाला नावं ठेवत व्हते. "ह्येचं कोपर बग. झेंडा न्हाय, छत्री धरल्यावानी चाललाय."

तात्यांनी अणदूरच्या जत्रंत खंडोबाची निशाणाची उंच काठी तीस वर्सं एकट्यानं मिरवली. गुडघे गेले तरी दुसऱ्याच्या हातात दिली न्हाय.

मग आपला झेंडा आला. एक पोरगी अन् एक पोरगा, दोघांनी मिळून धरला व्हता. तात्या कोपरावर उठून बगाय लागले.

काकू म्हणली, "ह्यंच्यात खोट न्हाय का काय?"

"न्हाय. सरळ हाय."

"मग यंदा काठी रणधीरला द्या की."

रणधीर म्हंजी मी. तात्यांनी माज्याकडं लई येळ बगितलं. म्हणले, "आदी नीट जेवत जा म्हणावं त्येला."

दुपारी पडले ते उठलेच न्हाईत. ती खाट आजून उचलली न्हाय आमी.

जत्रंला काकूनंच काठी माज्या हातात दिली. देवळापत्तूर दोनदा कलली. लोक हसाय लागले.

काकू म्हणली, "हसू नगा. पयल्या साली आमच्या ह्येंची तर आडवीच झाली व्हती."