स्नोमोबिलचा फ्लॅप मी फाडला नाही

आज दुपारी रबर फाटल्याचा आवाज आला आणि तिथून माझं सगळंच फिरलं.

मंडळी, मी रियाधच्या एका मॉलमधल्या स्नो पार्कात स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर पट्ट्याने चालणारी गाडी, चालवतो. उडणारा बर्फ अडवायला तिच्या मागे रबरी फ्लॅप असतो. रिव्हर्स घेताना तो फिरत्या पट्ट्यात ओढला जातो आणि फाटतो. म्हणून मी तो आधी दोरीने वर बांधतो, आमच्या रत्नागिरीत होडी किनाऱ्याला लावताना सुकाणू वर घेतात तसा.

आज सुपरवायझर सलीमभाईंनी दोरी सोडायला लावली. "गिऱ्हाइकांच्या फोटोत घाण दिसतं रे. घे रिव्हर्स, यल्ला!"

घेतला. फाटला.

आणि मॅनेजरसमोर हेच सलीमभाई म्हणतात, "हा बांधायला विसरला!" मग मला कोपऱ्यात घेऊन, "चूक कबूल कर, नोकरी राहील. यान्बू शहरातल्या त्या नर्सशी लग्न करायचंय ना, कॉलेज सोडलेल्या नवरदेवा?"

मी तिलाच फोन लावला. ती म्हणाली, "खोटं कबूल केलंस तर मला तोंड दाखवू नकोस."

तुम्ही काय केलं असतं, सांगा. मी मॅनेजरला म्हटलं, "दोरी यांनी सोडायला लावली. खलास." पार्कचं जॅकेट मॅनेजरच्या टेबलावर टाकलं, बाहेर पडलो आणि दार धाडकन लावलं.