दोन डोमेन, एकच पेटी

त्या दिवशी अकरा वाजता गेटवे बरोबर चालला, हे मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं नाही. साडेनऊपर्यंत तो चुकीचा चालत होता, हे मात्र आज पहिल्यांदा लिहितोय.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होतं. नेहरू नगरात एका दुकानावर आमचं ऑफिस: एक फोन लाईन, एक मोडेम, एक कॉम्प्युटर आणि त्यावर आलेली पत्रं ज्याच्या त्याच्या पेटीत टाकणारा प्रोग्रॅम, तो गेटवे. कारखान्यांचा ई-मेल दिवसातून दोनदा उतरवायचा, छापायचा, लिफाफ्यात घालून पाठवायचा. छपाई आणि लिफाफे बाईंकडे. त्या गोंदियाकडच्या, नवरा आजारपणानं घरी बसलेला, घर त्यांच्या पगारावर.

पेट्यांना आम्ही पदांची नावं देत असू, माणसांची नाही. ही भिलाईच्या स्टील प्लांटची सवय. साहेब बदलतो, खुर्ची तीच राहते. पहिला कारखाना एकटा होता तोवर मी गेटवेच्या यादीत नुसतं पद लिहिलं होतं: वर्क्स मॅनेजरची पत्रं या पेटीत. दुसरा कारखाना आला तेव्हा त्याचं डोमेन, म्हणजे पत्त्यातलं कारखान्याचं नाव, जोडलं, यादी तशीच ठेवली. वर्क्स मॅनेजर तर त्यांच्याकडेही होताच. डोमेन कुठलं हे गेटवे बघतच नव्हता. दोघांची पत्रं पहिल्याच्या पेटीत पडत होती. कागदाची बचत व्हावी म्हणून पत्त्याच्या ओळी छापायच्या नाहीत, हेही मीच ठरवलेलं. बाईंना कळणार कसं?

दोन्ही कारखाने एकाच ऑर्डरच्या मागे होते. आठवड्याभरात दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाचं पत्र पहिल्याच्या टेबलावर सापडलं. दुसऱ्याचा मालक उद्या अकराला येतो म्हणाला.

मी सकाळी लवकर येऊन यादी उघडली आणि चूक सापडली. पदापुढे डोमेन लिहिलं, गेटवे पुन्हा सुरू केला. आमच्या ऑफिसचे साहेब आले की सांगायचं, असं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं.

पण साहेब मालकाला घेऊनच आले.

"लिफाफा कौन भरता है?" मालकानं विचारलं.

"मैं भरती हूँ," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमी त मशीन जाणता. टेस्ट करून दाखवा ना यायले. मी कावून देईन कोणाचं पत्र कोणाले?"

"कर टेस्ट," साहेब म्हणाले. "मशीनचा घोळ असेल तर आत्ताच कळेल."

मी दुसऱ्या कारखान्याच्या वर्क्स मॅनेजरला पत्र पाठवलं. मोडेम किरकिरला. पत्र त्याच्याच पेटीत उतरलं.

"फिर से," मालक म्हणाला.

पुन्हा तिथंच.

"म्हणजे मशीन ठीक?" साहेबांनी विचारलं.

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांची सगळी भिस्त माझ्यावर होती.

"ठीक आहे," मी म्हणालो.

उद्यापासून येऊ नका, असं साहेबांनी त्यांना सांगितलं. त्या भांडल्या नाहीत. छापलेले कागद सारखे करून माझ्यापुढे ठेवले. "असं कसं झालं जी, मले समजूनच नाही राहिलं," एवढंच म्हणाल्या.

काही महिन्यांनी कोहक्याच्या बाजारात भेटल्या. नवऱ्याची तब्येत विचारली, तर "तशीच" म्हणाल्या. मग हळूच, "भाऊ, मागून काही सापडलं का मशीनमधी?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग माह्याच हातून झालं असंल," त्या म्हणाल्या, आणि भाजीवाल्याकडे वळल्या.